तातू शिंप्याचा गोली

तातू शिंपी माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसे. त्याची नजर कमरेपाशी सुरू व्हायची आणि पावलांपाशी संपायची. दुकानाच्या पायरीवर कुणी उभं राहिलं, की मशीनवरची मान वर न करता तो नुसते पाय बघून नाव घ्यायचा, आणि चुकायचा नाही. लग्नाहून आल्यावर नवरामुलगा कसा आहे असं विचारलं, तर म्हणायचा, "पोटऱ्यो बऱ्यो आसत." एकदा गावातले एक वजनदार गृहस्थ वारले. सगळे हळहळत होते. तातू तिरडीच्या पायथ्याशी जरा वेळ उभा राहिला आणि माझ्या कानात म्हणाला, "गेलो बिचारो. डाव्या पायाचो माणूस होतो. जल्मात बॉलाक लावल्यान नाय."

फुटबॉल हे त्याचं एकमेव व्यसन. तरुणपणी काही वर्षं तो मुंबईला एका शिंप्याकडे काजं करत होता, तिथून हे वेड घेऊन मालवणकडच्या आमच्या या लहानशा गावात परत आला. लग्न केलं नाही. गावच्या संघाचा उस्ताद तोच, निवड करणारा तोच, आणि पडद्यांच्या उरलेल्या कापडातून आमच्या बनियनी शिवणाराही तोच. त्यामुळे माझ्या पाठीवर वर्षानुवर्षं अर्धा मोर होता. मी शाळामास्तर आणि संघात बॅक. दोन्हीकडे माझ्याकडून फारशी कुणाची अपेक्षा नव्हती.

आमच्या संघाचं दुखणं एकच. खेळाडू जरा हाताशी आला, की त्याला मुंबईला नोकरी लागायची. एका वर्षी ऐन वेळी गोली गेला. महाशिवरात्रीची कुणकेश्वरची जत्रा आटोपली, की पुढच्या आठवड्यात खाडीपलीकडच्या गावाशी आमचा सामना व्हायचा, आणि गोलात उभं राहायला माणूस नाही.

तातूने माणूस आणला तो रापणीवरून. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना माणसं दोर धरून मागे मागे सरकतात, त्यांत त्याला पांडग्याचे पाय दिसले. पांडगो तिशीला टेकलेला असावा, दोन पोरांचा बाप. बॉल त्याने लांबून पाहिला होता, तोही भोपळा समजून.

"तातू, ह्या वयात कोण शिकता?" मी म्हटलं.

"मास्तरांनू, उशिरा मोहोरलो म्हणून आंब्याक कोण तोडून टाकता? येळ लागतलो, पण होतलो."

हे त्याचं पालुपद. भात शिजत नसला तरी हेच, मुख्यमंत्र्यांबद्दलही हेच.

सामना ओहोटीच्या वाळूत. गोलाला दोन बांबू आणि मागे रापणीचंच एक फाटकं जाळं. पांडगो उभा राहिला तो दिसायला दरवाजासारखा. पहिला बॉल आला. पांडगो अदबीने बाजूला झाला, बॉल जाळ्यात गेला, आणि त्याने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "गावलो रे!" मग बॉल जाळ्यातून सोडवून तातूला दाखवायला घेऊन आला.

दुसऱ्या बॉललाही तेच. तिसऱ्याला तर त्याने पायाने जरा वाट करून दिली. सामना संपल्यावर पलीकडच्या गावाने त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं, आणि आपण जिंकलो अशी त्याची घरी जाईपर्यंत समजूत होती.

"पांडग्या, बॉल जाळ्यात जावक देवचो नाय," तातूने त्याला समजावलं.

"मगे जाळां कित्याक लावलास?"



गावात हसं झालं. पंचमंडळी दुकानात आली आणि पांडग्याला काढा म्हणाली. तातू काज करत राहिला. शेवटी त्यांच्या चपलांकडे बघत म्हणाला, "फुडल्या वर्सा हारलो तर संघ तुमचो. मिया मैदानात पाय ठेवचंय नाय." मंडळी खूश होऊन गेली. मला मात्र काळजी वाटली, कारण संघ काढून घेतला तर या माणसाकडे उरणार काय, मशीन आणि कात्री.

वर्षभर रापण आटोपल्यावर तातू पांडग्याला बॉल मारत राहिला, आणि पांडगो ते इमानाने जाळ्यात घेत राहिला. जत्रा झाली. सामन्याच्या दिवशी सकाळी तातू किनाऱ्यावर गेला आणि त्याने गोलाचं जाळं सोडून गुंडाळून ठेवलं. नुसते दोन बांबू राहिले.

"पांडग्या, पाटीमागे काय आसा?"

पांडग्याने वळून बघितलं. "दर्या."

"बॉल गेलो तर?"

"गेलो. दर्यात गेला ता गेला."

"मगे जाळां खंय आसा?"

पांडग्याने दोन्ही बांबूंना हात लावून बघितला. मग हळूच दोन्ही हात पसरले.

त्या दिवशी त्याने एकही बॉल मागे जाऊ दिला नाही. छातीवर घेतले, तोंडावर घेतले, एक तर सुरमई निसटेल अशा भीतीने असा कवटाळला की सोडवायला तिघे लागले. आम्ही एका गोलाने जिंकलो. तो गोल त्यांच्याच बॅकने चुकून घातला होता, पण त्याची चर्चा आम्ही केली नाही.

जत्रेसाठी येऊन सामन्यापर्यंत राहिलेला एक चाकरमानी मुंबईच्या गोदीत कामाला होता. तिथल्या संघाला गोली हवा होता. पांडग्याला पाठवा, ते बघतील, आवडला तर नोकरीही देतील, असं तो म्हणाला.

मुंबईच्या बोटीच्या आदल्या दिवशी तातू पांडग्याच्या चड्डीचं माप घेत होता. मी पायरीवर बसलो होतो. टेप मांडीभोवती धरून तातू म्हणाला, "थंय वय इचारतीत. खरां सांगा नको. माका मुंबयत इचारल्यानी, मिया खरां सांगलंय. खेळ बघूकच नाय. म्हणाले, उशीर झालो." माप मात्र त्याने दोनदा घेतलं.

एवढ्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.

पांडगो ओशाळून म्हणाला, "पण तातू, माका माझां वय म्हायतच नाय. आवशीक म्हायत होता, ती गेली."

पांडगो गेला. पावसाने बोटी बंद झाल्या. दुकानासमोरून कुणी गेलं, की तातू पाय बघायचा आणि पुन्हा काजाकडे वळायचा. गणपतीला पांडगो फोंडाघाटाच्या रस्त्याने एसटीने आला, तो सरळ दुकानाच्या पायरीवर. मी आत बसलो होतो. पायांत बूट होते, म्हणून तातूला पहिल्यांदा ओळखता आलं नाही.

"तातू, घेतल्यानी माका."

"वय इचारल्यानी?"

"इचारल्यानी. म्हटलंय, म्हायत नाय. ते हसले आणि म्हणाले, बरां, उभो रव गोलात."

तातूने मान वर केली. पांडग्याच्या तोंडाकडे तो बघतच राहिला, अगदी निरखून, नवीन माणूस बघावा तसा.

"तू असो दिसतस व्हय," तो म्हणाला.

पांडगो घरी पोरांकडे गेला. तातूने मशीनवर पाय ठेवले. मी तिथेच आहे हे तो विसरला असावा.

"मियाव म्हायत नाय म्हणाक व्हया होता," तो हळूच म्हणाला, आणि पाय मारू लागला. मशीन बराच वेळ चालू होतं. सुईखाली कापड नव्हतं.