हळदीच्या गल्लीत काविळीची साथ

सरकारी मानूस दारात आला की कसं दिसावं, हे साऱ्या अनसिंग गावात माह्याइतकं कोनाले समजत नाई! पाह्यजे तर कोनालेही विचारा. म्हनजे माह्या बायकोले सोडून.

बायको, रुख्मिणी, आमच्या समोरच्या खोलीत हळद दळते. एका चक्कीवर सुरू केलं, अन् आता अर्धी गल्ली तिच्याकडं कामाले हाये. कोनी हळकुंडं निवडते, कोनी चाळते, कोनी पाकिटं भरते. पन खोली पडली लहान, अन् लाईटीचा त भरोसाच नाई! त्यात अकोल्याचा एक व्यापारी मांगं लागलेला, "ताई, चक्की घेऊन इकडं या, जागा तयार हाये!"

तशात जिल्ह्याच्या ऑफिसानं गावाबाहेर छोट्या धंद्यांसाठी शेड बांधले. आमचं काम पाहाले एक मॅडम येनार होत्या. रुख्मिणीनं सांगूनच टाकलं, "शेड भेटलं त इथंच. नाई त दसऱ्याले चक्की अकोल्याले!"

हे ऐकून शेजारच्या चतुराबाईच्या डोळ्याले पानी आलं. "चक्की गेली त मी काय करू वो, जानरावभाऊ?"

"फिकर कायले करता? मी हावो ना!"

मॅडम येनार त्या दिवशी रुख्मिणी सकाळीच पाकिटं पोचवाले वाशीमले निघाली. जाता जाता मले म्हने, "मॅडम दुपारी येतीन. त्याच्या आंधी मी येतो. चक्की चालू ठेवा. तुमी फक्त पानी द्या अन् चूप बसा."

चूप बसाचं? मी? अवो, सरकारची मदत गरिबाले भेटते! घरात चक्की घरघरून राह्यली, हळदीचे पोते छताले टेकले, अन् वरून म्हनाचं मदत द्या? मॅडम काय बह्याड हायेत?

लागलो कामाले! गल्लीतल्या सेवालालचा ऑटो बलावला, चक्की त्यात टाकली अन् त्याच्याच बकऱ्याच्या कोठ्यात लपवली. पोते, चाळन्या, तराजू, सारं गल्लीत घरोघरी वाटून दिलं. साऱ्याईले ताकीद दिली, "धंद्याचं नाव काढाचं नाई! गरीब दिसा!" एक पोतं मधातच फुटलं अन् हळदीचा हा धुराळा उडाला, पन तिकडं पाहाले वेळ कोनाले होता? मग मी फाटकी गोधडी घेतली अन् खाटेवर पडून कन्हाले लागलो.

मॅडम आल्या. रुख्मिणीच्या आंधीच आल्या!

"इथे हळदीचा उद्योग आहे ना?"

"कायचा उद्योग, मॅडम! खायाचे वांधे हायेत."

मॅडमनी रिकामी खोली पाह्यली. मग माह्याकडं पाह्यलं, अन् पाह्यतच राह्यल्या. गोधडीबाहेर माहे हात होते, पिवळेधम्मक!

"अहो, हे कधीपासून असे पिवळे?"

मले वाटलं, दया येऊन राह्यली. आता सोडाचं कायले! "तीन वर्सं झाले, मॅडम."

"तीन वर्षं कावीळ? आणि दवाखाना?"

"दवाखाना कुठचा, मॅडम! गरीब मानसं आमी!"

तेवढ्यात चतुराबाई डोकावली. कोपरापर्यंत पिवळी! मॅडम मांगं सरल्या. "बाई, तुम्हालाही?"

चतुराबाईले धंद्याचं नाव काढू नोका म्हनून म्याच बजावलं होतं. ती बिचारी म्हने, "हो मॅडम. साऱ्या गल्लीलेच हाये."

मांगून सेवालाल आला, मिशा पिवळ्या. त्याच्या मांगून चतुराबाईची पांढरी कोंबडी आली. ती बी पिवळी!

"कोंबडीलाही!" मॅडम किंचाळल्या. "कोणी इथलं पाणी पिऊ नका!" अन् फोन कानाले लावला.

अरे बाप्पा! थोड्याच वेळात गल्लीत अँब्युलन्स! आता खरं सांगावं त लबाडी उघडी पडते, न सांगावं त सुई बसते! डॉक्टरबाईनं माह्या पापन्या ओढल्या.

"डोळे तर पांढरे आहेत यांचे."

"पांढरी कावीळ असन," म्या म्हनलं.

अन् तवाच रुख्मिणी दारात उभी राह्यली. तिनं खोली पाह्यली, मले पाह्यलं, माह्या कपाळावरून बोट फिरवलं अन् मॅडमच्या नाकापुढं धरलं. "वास घ्या, मॅडम. हे माही हळद हाये."

मग हळूच मले म्हने, "चक्की कुठं हाये?"

रुख्मिणी हळू बोलली की मले घाम फुटते. म्या गोधडी डोस्क्यावर ओढली.

तिनं दारातूनच हाक मारली, "आना वो बायाहो, सारं आना!"

अन् मग जे झालं ते मी जिंदगीत इसरनार नाई. या घरातून पोतं निघालं, त्या घरातून चाळनी. म्हातारे निघाले, सुना निघाल्या, कोनाच्या डोक्यावर पाकिटं, कोनाच्या हातात तराजू. मांगून सेवालालचा ऑटो, त्यात चक्की, अन् चक्कीवर बसलेली एक बकरी! सारे एकाच रंगाचे. साऱ्या गल्लीले जशी हळद लागलेली! मी गोधडीतून उठून पाह्यतच राह्यलो. सकाळी म्याच ह्या वस्तू घरोघरी लपवल्या होत्या, पन एका चक्कीवर इतके घरं उभे हायेत, हे मले दिसलंच नव्हतं. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

चक्की लागली, बटन दाबलं, घरघर सुरू झाली. रुख्मिणीनं मॅडमले अकोल्याच्या व्यापाऱ्याचं सांगतलं. मॅडम म्हनल्या, "हे सगळं अकोल्याला जाणार होतं?"

"चक्की जाईन, मॅडम," चतुराबाई म्हने. "आमी कुठं जाऊ?"

दसऱ्याले चक्की खरंच हालली. पन अकोल्याले नाई, गावाबाहेरच्या शेडात! थ्री फेज लाईट, पाकिटं भराचं ट्रेनिंग, दुसरी मोठी चक्की, सारं मॅडमनी मांगं लागून करून देल्लं. तो अकोल्याचा व्यापारी आता सोता अनसिंगले येते हळद घ्याले. संध्याकाळी बाया शेडातून घराकडं निघतात, त्या पिवळ्या हाताईच्या, हासत खिदळत, तवा मी रस्त्यावर उभा राहून पाह्यतो. दररोज पाह्यतो, तरी मन भरत नाई.

अन् मी? मलेही शेडात काम भेटलं ना! रुख्मिणीनं सोता देल्लं. कोनी साहेब आले की पानी द्याचं अन् चूप बसाचं.

मॅडम अजूनही येत असतात. पन गिलास घ्याच्या आंधी माहे हात पाह्यतात, अन् मग पर्समधून आपली बाटली काढतात!