परुळेकर सर आणि भिंतीवरची भेग

सूर्याला नाक-डोळे काढणाऱ्या मुलाला परुळेकर सर थेट अंगणात नेत आणि विचारत, "दाखव, खंय आसा नाक?" मूल रडायला लागे. सर शांतपणे म्हणत, "दिसता ता काढ. म्हायती आसा ता नको."

शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट असेल. अंधेरीच्या गावठाणात वर्गणीवर चालणारी आमची कलाशाळा होती. अर्धी पत्र्याच्या शेडमध्ये, अर्धी एका खूप जुन्या बंगल्यात. बंगल्याच्या हॉलमध्ये मी बालवर्ग घ्यायचे. हॉलमागच्या खोलीत सर एकटेच राहायचे. गावाकडे त्यांचं कोणी उरलं नव्हतं. एकदा त्यांनी आमच्या अध्यक्षांचं तैलचित्र काढलं, तेही गालावरच्या चामखिळीसकट. अध्यक्षांनी ते माळ्यावर टाकलं.

मग मालकाने बंगला धोकादायक असल्याची तक्रार केली आणि म्युनिसिपालिटीचा इंजिनिअर पाहणीला आला. हॉल गेला असता तर अर्धी शाळा रस्त्यावर आली असती. भिंतीला भेग होतीच. तिच्यावर आम्ही मुलांची चित्रं टांगून ठेवली होती. इंजिनिअरने नेमकं एक चित्र उचलून त्यामागे पाहिलं. पण माणूस भला निघाला. कागदावर त्याने भिंत काढली, तिच्यात बारीकशी रेघ मारली. "डागडुजी करून घ्या, बाई. चालेल."

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात सर इंजिनिअरच्या खांद्यावरून डोकावले.

"भेग अशी नाय हा."

"सर, चहा!" मी ओरडले. अध्यक्षांनी त्यांचा सदरा ओढला. छे! सरांनी भिंतीवरची सगळी चित्रं उतरवली, इंजिनिअरची पेन्सिल घेतली आणि छतापासून जमिनीपर्यंत भेग काढली, फाट्यांसकट. झकास काढली. इंजिनिअरने एकदा कागद पाहिला, एकदा भिंत, आणि तो हळूच मागे सरकला. हॉल त्याच दिवशी बंद झाला. मागची खोलीसुद्धा.

अध्यक्ष तणतणत निघून गेले. मीही भडकले. "वाट लावलीत ना, सर! एक दिवस गप्प बसायला काय झालं होतं?"

"त्या भिंतीखाली तुझी पोरां बसतत ना गो," सर म्हणाले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. सरांनी आपली ट्रंक अंगणात आणून ठेवली आणि तिच्यावरच बसले. बराच वेळ चपलेचा अंगठा चाचपत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सांजचा तुमच्या घराक कोण आसता गो?"

"सगळे असतात, सर," मी म्हटलं. "उठा. ट्रंकेची ती कडी तुम्ही धरा, ही मी धरते."