रंभाजीची आकाशी भिंत

“ह्या भितीवर माशी बसली, तर पाय घसरून खाली पडंल,” असं रंभाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि ते खोटं आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. देवळाली प्रवऱ्यात तोवर घरांना चुना लागायचा. फार हौशी माणूस असला तर चुन्यात चिमूटभर नीळ टाकायचा. रंभाजीने मात्र यंदाचा ऊस कारखान्यावर गेल्या गेल्या राहुरीहून रंगारी आणला आणि रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीला चक्क ऑइलपेंट दिला. तोही आकाशी! उन्हात ती अशी चमकायची की गाडीचे बैलसुद्धा मान वळवून बघायचे.

हा सगळा थाट विजयमालासाठी. रंभाजीची ही एकुलती एक लेक मॅट्रिक झालेली, आणि तिला बघायला रविवारी भिंगारहून पाहुणे येणार होते. मुलगा तिथल्या लष्करी छावणीत कारकून. सरहद्दीवरच्या लढाईच्या धामधुमीत त्याला रजा नव्हती, ती आता कुठे मिळाली होती. स्थळ चांगलं होतं, हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

“शहरातली मानसं आधी भित बघत्यात, मग पोरगी,” रंभाजी बायकोला म्हणाला.

भागिरथीला हे अजिबात पटलं नाही. पण रंगारी येऊन गेला होता, आता बोलून काय उपयोग?

घरात आणखी एक माणूस होतं. आक्काबाई, रंभाजीची म्हातारी आत्या. भिंत बघायला रस्त्यात माणसं थांबतात, तोंडात बोटं घालतात, हे ती ओट्यावर बसून बघत होती आणि तिचा जीव खालीवर होत होता. तिच्या हातून आजवर घरातलं एक लेकरू, एक वासरू तिटेवाचून उंबऱ्याबाहेर पडलं नव्हतं. एवढी देखणी भिंत, ऐन पोरीच्या सोयरिकीच्या वक्ताला, अशी उघडी ठेवायची? दृष्ट भिंतीला लागली असती तर सोसलं असतं, पण ती पोरीच्या नशिबाला लागायची. आक्काबाईने बोटावर काजळ घेतलं आणि भिंतीच्या कोपऱ्यात एक तीट लावून टाकली. कुणाला सांगितलं नाही. तीट लावल्याची दवंडी पिटायची नसते.

सकाळी रंभाजी भिंतीकडे कौतुकाने बघायला गेला आणि जागच्या जागी थिजला.

“गोरक्षाचं काम हाय हे,” तो म्हणाला.

गोरक्षनाथ म्हणजे शेजारचाच पेंटर. लग्नघराच्या भिंतींवर हत्ती, पोपट, केळीची झाडं काढावीत तर त्यानेच. शेजारी असा कसबी माणूस असताना रंभाजीने राहुरीचा रंगारी आणला, तेव्हापासून गोरक्ष त्याच्याशी धड बोलत नव्हता. मग भिंत विद्रूप करायला दुसरं कोण येणार?

रंभाजीने फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि डाग खसाखसा घासला. डाग गेला, पण त्याच्याबरोबर चकाकीही गेली आणि भिंतीवर बशीएवढं मळकट वर्तुळ उरलं.

आक्काबाईने पाहिलं तर तीट गायब! म्हणजे नजर इतकी जबर होती की तिने तीटसुद्धा गिळली! आता काजळाने भागायचं नाही, हे तिने ओळखलं. तिने तव्याची काजळी तेलात कालवली आणि रुपयाएवढा ठिपका दिला.

रंभाजीने तो सोड्याने घासला. या खेपेला रंगच निघाला आणि खालचा गिलावा डोकावू लागला. उरलासुरला रंग रंगारी घेऊन गेला होता, म्हणून त्याने चुन्यात नीळ कालवून ठिगळ मारलं. ओलं होतं तोवर ते बरं दिसलं. वाळल्यावर मात्र आकाशी लुगड्याला धोतराचा तुकडा जोडल्यासारखं दिसायला लागलं.

शनिवारी त्याने भिंतीपुढे बाज टाकली आणि पहाऱ्याला बसला. नजर समोर, गोरक्षाच्या दारावर. पाठ अर्थातच भिंतीकडे. आक्काबाई परातीत काहीतरी घेऊन मागून गेली, ते त्याला कळलंसुद्धा, पण घरच्या म्हातारीवर कोण पहारा ठेवतो? तो उठला आणि वळला, तेव्हा भिंतीवर पंजाएवढं काळं होतं आणि तेलाचे ओघळ पार खालपर्यंत आले होते.

रंभाजी तडक शेजारी गेला. “माझ्या भितीला काळं फासतोस व्हय रं?”

गोरक्ष दारात भाकरी खात होता. “काळा रंग लई महाग झालाय, रंभा. तुझ्या भितीवर कशाला नासू?” असं म्हणून त्याने पुढचा घास घेतला.

अख्खी आळी हसली. रंभाजी पाय आपटत घरी आला.

रविवारी पाहुणे एसटीने उतरले. मुलगा खाली मान घालून बसला, त्याचे वडील पानाला चुना लावू लागले. मुलाची आई लंकाबाई मात्र ओट्याशीच थबकली. भिंतीवर वर्तुळ, ठिगळ, पंजा आणि ओघळ.

“हे काय झालं वो?” तिने विचारलं.

रंभाजीला गप्प बसवलं नाही. “शेजाऱ्याचं काम हाय, बाई. आमच्यावर जळतोय. पोरीचं चांगलं व्हाया लागलं का येतोय काळं फासाया.”

लंकाबाईचा चेहरा बदलला. हातातला पाण्याचा तांब्या तिने तसाच खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. “अवं, भिताडाला भिताड लागलेल्या शेजाऱ्याशी असलं वैर? उद्या आपलं पोरगं सासुरवाडीला आलं, तर कुनाच्या भांडनात सापडंल? चला, दुपारची गाडी हाय.”

आत विजयमालाने पोह्यांचं ताट खाली ठेवलं. भागिरथीने पदर तोंडाला लावला. आपण बोलून काय करून बसलो, हे रंभाजीला आता उमगलं होतं.

तेवढ्यात आक्काबाई काठी टेकत बाहेर आली.

“त्या गोरक्षाला कशाला नावं ठिवतो रं? मीच लावली ती तीट.”

“आत्या, तू?”

“मंग? पोरीला मागनी आली, अन् भित अशी उघडी बोडकी. तू पुसत गेला, मी लावत गेले. मला वाटलं नजरच तीट खाती. तूच खातोस हे काय ठावं!”

मग लंकाबाई जी हसायला लागली, ती थांबेना. तिचा नवरा हसला, खाली मान घातलेला मुलगाही हसला, आणि दाराआडून विजयमाला हसलेली त्याला दिसली. पुढचं बघणं तिथेच झालं म्हणायचं.

सुपारी फुटली. निघताना लंकाबाई म्हणाली, “इवाई, एक मागनं हाय. त्या शेजाऱ्याला तुमी नाहक बोल लावला. लग्नात ह्या भितीवर चित्रं त्याच्याच हातची पायजेत. म्हंजी वैर न्हाई, ह्ये आमालाबी दिसंल.”

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? रंभाजी पुन्हा गोरक्षाच्या दारात गेला. काय बोलला ते त्याने घरी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गोरक्ष शिडी घेऊन हजर झाला.

त्याने मागचं सगळं उट्टं हौसेने काढलं. मधोमध गणपती. दोन्ही बाजूंना गुलाबी हत्ती, गाभण म्हशीएवढे. वर पोपट, खाली केळी, भालदार-चोपदार, आणि उरलेल्या जागेत हातभर अक्षरांत ‘सुस्वागतम्’. रंभाजी खाली रंगाचा डबा धरून उभा होता, कारण गोरक्षाने त्याला तसं उभं राहायला सांगितलं होतं.

“आता बग, कसं दिसतंय,” शिडीवरून उतरत गोरक्ष म्हणाला.

रंभाजीने वरपासून खालपर्यंत बघितलं. आकाशी रंग बोटभरसुद्धा कुठे उरला नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

भागिरथीने ते पाहिलं आणि तिलाही गहिवरून आलं. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “अवं, असं काय करताय? पोरगी भिंगारलाच तर चाललीय, वाटंल तवा येईल.”

रंभाजीने उपरण्याने डोळे पुसले आणि मान हलवली. लेकीवर बापाची केवढी माया, असं आळीतल्या बायका पुढे कितीतरी दिवस बोलत होत्या. रंभाजीने त्यांना बोलू दिलं.