कच्च्या दुधाचं गाऱ्हाणं

"मला दूध बाधत नाही. दूध उकळणाऱ्या बायका बाधतात!"

हे वाक्य हरिश्चंद्राने स्वतःच्याच स्वयंपाकघरात, दूध उकळणाऱ्या बायकोसमोर उभं राहून उच्चारलं. यावरून माणूस किती शूर होता ते कळावं! सगुणाने पातेलं खाली उतरवलं आणि त्याच्यापुढे रोजच्यासारखा कोरा चहा ठेवला. लग्नातल्या बासुंदीने नवरदेवाला भर पंगतीतून उठवलं होतं, तेव्हापासून हा मनुष्य कोराच चहा पीत आला होता.

पण मुंबईच्या गोदीतली कारकुनी संपवून गावी परतताना त्याने फूटपाथवरून एक बारा पानी चोपडं आणलं होतं. त्यात ज्ञानाचा झरा वाहत होता. दूध पचवणारा रस म्हणे दुधातच असतो. उकळलं की तो मरतो, आणि मग दूध बाधतं. गाईचं, कच्चं, धारोष्ण प्यावं. पोट साफ, बुद्धी तेज, आवाज खणखणीत!

हरिश्चंद्र अडकला तो या शेवटच्या शब्दावर.

कारण सत्त्याऐंशी सालचा शिमगा आठ दिवसांवर आला होता. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यानपिढ्या भागोजीबाबांच्या घराकडे. यंदा बाबांचा घसा पार बसला होता, घरात पुढे कुणी नव्हतं, आणि मानासाठी दोघे उभे होते. एक हरिश्चंद्र, दुसरा गाईवाला गंगाराम. बाबांनी घोगऱ्या आवाजात निवाडा दिला, "हरी शिकलेला हाय. औंदा त्याला घालू दे. नीट जमला तर मान कायमचा त्याचा. नाय जमला तर गंगाराम हायच."

गोदीत तीस वर्षं 'होय साहेब' म्हटलेल्या माणसाला सगळं गाव 'व्हय म्हाराजा' म्हणणार! हरिश्चंद्राची छाती दोन इंच फुगली. बाकी शरीर होतं तेवढंच राहिलं.

आवाजासाठी धारोष्ण दूध हवं, आणि गावात दुभती गाय एकाच गोठ्यात. गंगारामाच्या! पण गंगाराम दिलदार निघाला. "घ्या हो भाऊ, देवाचा काम हाय!" म्हणत रोज पहाटे कपभर दूध काढून द्यायचा.

पहिल्या दिवशी पोटात ढोल वाजले. तिसऱ्या दिवशी ताशाही लागला.

"अवो, सोसत नाय तर कशाला पिताव?" सगुणा म्हणाली.

"अगं, ही शुद्धी आहे. तीस वर्षांचा मळ निघतोय."

"मळ निघतोय व्हय? मंग दिवसातनं चार टायमाला टमरेल घेऊन त्याला पोचवायला जाताव तां बरा करताव."

अडाणी बाईशी शास्त्राची चर्चा करू नये, असं चोपड्यात नव्हतं. ते हरिश्चंद्राने स्वतःच्या अकलेने ठरवलं.

शिमग्याच्या सकाळी कप पुरणार नाही म्हणून त्याने तांब्या नेला. गंगारामाने तो काठोकाठ भरला आणि वर फेसही चढवला. हरिश्चंद्राने एका दमात रिकामा केला.

दहाच्या सुमारास पालखी सहाणेवर बसली. सहाण म्हणजे उघड्या कातळावरचा चौथरा. चहूबाजूंना काळा दगड, आडोशाला एकच करवंदीची जाळी, तीही गुडघ्याएवढी. गाऱ्हाणं सुरू झालं की संपेपर्यंत घालणाऱ्याने जागचं हलायचं नाही, ही रीत. मध्येच सोडणं म्हणजे साऱ्या गावाला अपशकुन.

"बा देवा म्हाराजा!" हरिश्चंद्राने नारळ हातात घेऊन आवाज लावला. खणखणीत!

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"आज ही सगळी लेकरं तुझ्या पायाशी उभी आहेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भागोजीबाबांनी मान डोलावली. हरिश्चंद्राने खिशातून चार पानी यादी काढली. मुंबईच्या चाकरमान्यांची नावं, कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, सगळं लिहून आणलं होतं. पहिलं पान झोकात झालं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर पोटातून असा काही गडगडाट झाला, की ढोलवाल्याने दचकून आपल्या ढोलाकडे पाहिलं.

हरिश्चंद्राने पाय जवळ घेतले. दुसरं पान धावत संपवलं, तिसरं गिळलं, चौथं उलटंच धरून म्हणाला, "आणि बाकी सगळ्यांचं भलं कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हा... ओ थांबा! आमचा लवू ऱ्हायला!" मागून एक म्हातारा ओरडला. "कुवेतला हाय तो!"

"लवूला कुवेतात सुखी ठेव रे म्हाराजा!"

"आमच्या सदूच्या पोराची धाव्वी!"

"पास कर रे म्हाराजा!"

"आमची म्हस!"

म्हशीपर्यंत येता येता हरिश्चंद्राच्या कपाळावर घामाच्या धारा लागल्या. आवाज चिरकला. तेवढ्यात गंगाराम प्रेमाने पुढे सरसावला, "भाऊ, घसा सुकला काय? वाईच दूध आनलाय बघा, कच्चाच हाय!"

दूध बघितलं मात्र, आतून निकराचा हल्ला झाला. चोपडं, शास्त्र, खणखणीत आवाज, सगळं कातळावर सांडलं. हरिश्चंद्र कळवळून ओरडला,

"मला जाऊ द्या रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावाने हात जोडले. जागचं कुणी हललं नाही.

"अरे, खरंच जाऊ द्या रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माणसं हलेनात, तेव्हा हरिश्चंद्राने डोळे मिटून थेट देवालाच साकडं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज मला अब्रूनिशी घरच्या परसात पोचव! हा मान मला नको! पुढच्या शिमग्यापासून गाऱ्हाणं गंगारामाच्या घराला दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढा मोठा होकार त्या सहाणेवर पूर्वी कधी झाला नव्हता. गाऱ्हाणं रीतसर संपलं. नारळ भागोजीबाबांच्या हातात कोंबून हरिश्चंद्र कातळावरून असा सुटला, की पालखीच्या मागे धावणाऱ्या पोरांनाही तो गाठता आला नाही. देव जागृत असल्याचं सांगतात ते खोटं नव्हे. परसापर्यंत अब्रू शाबूत पोचली.

चार दिवसांनी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं, "दुधात एक साखर असते. ती पचवणारा रस काही मोठ्या माणसांच्या पोटात पुरेसा तयार होत नाही. तो दुधात नसतो. दूध कच्चं प्या नाहीतर उकळून, साखर तीच. त्यात कच्च्याने दुसरे रोग व्हायचे ते वेगळेच. थोडं दही खाऊन बघा, सोसेल. आणि दूध बाधतंय, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

सगुणा शेजारच्या स्टुलावर बसली होती. ती छताकडे बघत राहिली. हरिश्चंद्राला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

देवापुढे गावाने होकार दिलेला शब्द फिरत नाही. दुसऱ्या वर्षी नारळ गंगारामाच्या हातात गेला. हरिश्चंद्र मागच्या रांगेत, सकाळपासून पाण्यावर. गंगारामाने सगळी नावं न चुकता घेतली, लवू, सदूचा पोरगा, म्हैस. शेवटी जरा थांबून म्हणाला, "आनि गर्दीत कोन दूध पिऊन उभा असंल, त्याला येळेवर वाट दे रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला बायकांनी होकार द्यायची गावात रीत नाही. पण त्या दिवशी सगळ्यांच्या वर जो "व्हय म्हाराजा!" ऐकू आला, तो सगुणाचा होता. आणि खणखणीत आवाज म्हणजे काय, ते हरिश्चंद्राला तेव्हा कळलं!