खड्ड्याची राखण

मेहुण्यांची गाडी टेलरच्या हाती आली आणि त्याच दुपारी खड्ड्यात आपटली.

मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले बंधू. छत्री मागितली तर "तुम्हाला कशाला, तुम्ही घरातच असता" म्हणणारा माणूस. पण गावाला जाताना ते घरी आले, आपणहून किल्ली टेलरच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "वापरा आठवडाभर." बायको हरखूनच गेली. "दादा, जशी नेली तशी परत देऊ, माझा शब्द!" असं सांगून मोकळी झाली. आणि गल्लीच्या तोंडाशीच धाडकन आवाज झाला.

"रिम वाकलीय, आतलंही काही तुटलंय," मेकॅनिकने सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून टेलरच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता माहेरी काय तोंड दाखवू?" बायको रडकुंडीला आली. "दादा तर आधीपासून म्हणतो, तुझ्या नवऱ्याच्या हाती सुईशिवाय काही देऊ नये."

हे टेलरला ठाऊक होतं, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही ते त्याला झोंबायचं. मेहुणे परत यायच्या आत गाडी धडधाकट व्हायला हवी होती. पालिका भरपाई देते असं कुणीतरी सांगितलं, तसा तो टेप खिशात घालून रस्ते विभागात गेला.

"खोली किती?" कारकुनाने विचारलं.

"तीन बोटं. वर थोडं."

"चार लागतात. त्याच्या आतलं आम्ही खड्डा धरत नाही."

"मग काय धरता?"

"रस्ता."

"अहो, पण माझी गाडी त्यात मोडली!"

"थांबा थोडं. वाढेल. आमचा अनुभव आहे."

झालं! टेलर खड्डा वाढायची वाट बघू लागला. दुकान उघडायच्या आधी माप घ्यायचं, आणि मग कडेला उभं राहून येणाऱ्या ट्रकला "इकडून, इकडून घ्या!" म्हणून हात करायचा. पहारीचा एक घाव घातला असता तर काम झालं असतं, पण मापात खोटं करणं त्याच्या रक्तात नव्हतं. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी लोकांची सोय म्हणून खड्ड्यात विटांचे तुकडे टाकले, तर याने ते एकेक करून वेचून काढले.

"अहो, चांगल्या कामात खोडा कसला घालताय?" मास्तर चिडले.

"मास्तर, पाया पडतो. पुण्य दुसऱ्या खड्ड्यात करा!"

अखेर खड्ड्याची खोली चार बोटं भरली. टेलर धावत ऑफिसात गेला. कारकुनाने अर्ज घेतला आणि म्हणाला, "गुरुवारी साहेब पाहणीला येतील. तोवर खड्डा जागेवर असला पाहिजे." मेहुणे यायचे तेही गुरुवारीच. निदान भरपाईचा कागद तरी दाखवता येईल, एवढीच टेलरची आशा उरली होती.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या आधी खडी-डांबर घेऊन मुकादम हजर!

"तक्रार आलीय, बुजवायला सांगितलंय."

"इतकी वर्षं कधी फिरकला नाहीत, आणि आजच?"

"इतकी वर्षं तक्रार कुठे होती?"

आता बोलण्यात अर्थ नव्हता. टेलरने दुकानातलं स्टूल आणलं, खड्ड्यात मांडलं आणि एका शर्टाला बटणं लावत त्यावर ठाण मांडलं. बघता बघता गर्दी जमली. कुणाला वाटलं, आंदोलन आहे. "खड्डा बुजवलाच पाहिजे!" घोषणा सुरू झाल्या.

"अहो, बुजवू नका म्हणून बसलोय मी!" टेलर ओरडला, पण ऐकतो कोण?

त्या गर्दीतच एक टॅक्सी येऊन थांबली आणि मेहुणे उतरले. गलका ऐकून बाहेर आलेल्या बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. टेलर मात्र उठला, शर्ट काखेत धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, तुमची गाडी मी या खड्ड्यात आपटली. चूक माझी. हिला काही बोलू नका."

मेहुणे चक्क हसले. "असू द्या हो, भाऊजी! डाव्या चाकाची रिम गेली, वळताना कटकट वाजतं, एवढंच ना? होतं असं."

टेलरचा जीव भांड्यात पडला. बायकोचा पडला नाही.

"दादा," ती म्हणाली, "डावं चाक तुला कुणी सांगितलं?"

"अंदाज गं."

"आणि कटकट? तोही अंदाज?"

घोषणा थांबल्या. मुकादम फावड्यावर रेलून ऐकू लागला.

"किल्ली द्यायला येताना जरासं लागलं होतं," मेहुणे पुटपुटले. "म्हटलं, आठवडाभर वापरतील, तर दुरुस्तही करतील..."

"दादा!"

टेलरला खरं तर संतापायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मेहुण्यांनी त्याच्यासमोर मान खाली घातली होती, आणि त्याला असं हलकं हलकं वाटत होतं, की राग काही केल्या येईना.

"मग बुजवू का?" मुकादमाने फावडं उचललं.

"खबरदार!" मेहुणेच गरजले. "भरपाई मिळायचीय! साहेब येईपर्यंत हात लावायचा नाही!"

"मग बस तू," बायको म्हणाली आणि तिने स्टूल उचललं. "अहो, चला, दुकान उघडायचंय."

मेहुण्यांनी खड्ड्यात पाय ठेवला, खाली बघितलं, मग बहिणीकडे. "अगं, निदान स्टूल तरी राहू दे."

"स्टूल आमचं आहे," ती म्हणाली आणि चालू लागली.