काखेतली बाटली

डॉक्टर भोईरांच्या डाव्या काखेत कायम एक बाटली असे. तिच्यात काय असावं यावर बाहेरच्या बाकावर पेशंटांची बरीच चर्चा चाले. होती साधी जेली, सोनोग्राफीच्या आधी पोटाला लावतात ती. मशीनसाठी खोलीत एसी, त्यामुळे जेली गार पडायची. दुसऱ्या कोणी बाटली गरम पाण्यात ठेवली असती. आमच्या डॉक्टरांचा पाण्यावर विश्वास नव्हता. "पाण्याला कळत नाय किती गरम व्हायचं ते. अंगाला कळतं," असं म्हणून सकाळी आल्या आल्या ते बाटली काखेत मारत आणि दुपारपर्यंत एक पंख दुखावलेल्या कोंबड्यासारखे वावरत.

मी त्यांच्याकडे रिपोर्ट टाईप करायला होते. भिवंडीत लूमच्या गल्लीच्या तोंडाशी, पहिल्या मजल्यावर आमचं सेंटर. दोन हजार तीन-चारची गोष्ट. खाली दिवसभर यंत्रमागांची खटखट, आणि भारनियमनात ती थांबली की आमच्या जनरेटरची धडधड.

आठवड्यातून दोनदा तरी ती बाटली हरवायची. डॉक्टर ड्रॉवर उपसत, टेबलाखाली वाकत, माझ्या कॉम्प्युटरमागे डोकावत. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, इथे तिचा प्रयोग बघायला मिळाला. शेवटी मी नुसतं बोट दाखवायची.

"बघा," जराही न ओशाळता ते म्हणत, "दिसलं नाय म्हणजे नाय, असं नसतं."

हे त्यांचं पालुपद. चहात साखर लागली नाही तरी तेच, जिन्यात मांजर दिसली नाही तरी तेच. रिपोर्टमध्ये तर 'नॉर्मल' हा शब्द त्यांनी मला कधी टाईप करू दिला नाही. 'आजच्या तपासणीत काही आढळलं नाही' एवढंच. रफीकभाई म्हणून एक लूमवाले होते, ते एकदा हटूनच बसले. "डॉक्टरसाब, नॉर्मल लिख दो ना. बीवी को दिखाना है, वो मानती नहीं." डॉक्टर म्हणाले, "बीवी बरोबर है. मत मानने दो." रफीकभाई हात जोडून निघून गेले.

दुसरा छंद श्वासाचा. लिव्हरचा वरचा भाग फासळ्यांच्या आड दडलेला असतो. पेशंटने छातीभर श्वास घेऊन धरला की लिव्हर खाली सरकतं आणि तो कोपरा पडद्यावर येतो. "श्वास घ्या, धरा," असं सगळेच डॉक्टर सांगतात. आमचे डॉक्टर पेशंटबरोबर स्वतःचाही श्वास धरत. मग "सोडा" म्हणणार कोण? पेशंट बिचारा अंधारात डोळे वटारून पडलेला, डॉक्टर गाल फुगवून पडद्याला चिकटलेले. एकदा पडघ्याचा एक पट्टीचा पोहणारा आला. त्याने धरला, यांनी धरला. बऱ्याच वेळाने पेशंटच म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही सोडा आता. मी हाय बरा." डॉक्टर बाहेर आले तेव्हा जांभळे झाले होते. मी पाणी दिलं आणि मनात म्हटलं, काय एकेक नग असतात.

डॉक्टरांच्या घरी कोणी नव्हतं. बायको गेली होती, एवढंच मला ठाऊक होतं. डबा खानावळीचा यायचा. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग एका पावसाळ्यात माझ्या आईला उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. आई पडघ्याला राहायची, शेतावर राबलेली, दुखणं अंगावर काढणारी. मी तिला ओढूनच आणली. "एक मिनिटाचं काम आहे," म्हटलं. जुनी बाटली नेमकी संपली होती. मी घाईघाईत कपाटातून नवी काढून डॉक्टरांच्या हातात दिली आणि त्यांनी पडद्याकडे बघता बघता ती पिळली.

गार जेली पोटावर पडली आणि आई फिसकन हसली. मग थांबेचना. "अगो बय, गुदगुल्या व्हतान मना," म्हणत ती पोट धरून हसू लागली. मलाही हसू फुटलं. श्वास धरणं तर लांबच राहिलं.

डॉक्टरांनी हात मागे घेतला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हसू नका, मावशी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

आईने तोंडावर पदर दाबला. मला राग आला. माझ्या आईवर ओरडायला हे कोण? डॉक्टरांनी नवी बाटली काखेत धरली आणि स्टुलावर बसून राहिले. दहा-पंधरा मिनिटं. बाहेर पेशंट कुरकुरत होते. मग त्यांनी पुन्हा जेली लावली, आईला कुशीवर वळवलं, श्वास घ्यायला लावला, धरायला लावला. पुन्हा. पुन्हा. स्वतः प्रत्येक वेळी तिच्याबरोबर. मग एका जागी ते थांबले.

आई बाहेर गेल्यावर म्हणाले, "शोभा, टाईप कर." नेहमी ते इंग्रजीत भराभर सांगत. त्या दिवशी आधी मराठीत सांगितलं, सावकाश. लिव्हरच्या उजव्या बाजूला, अगदी वरच्या कोपऱ्यात, दोन सेंटिमीटरची गाठ. सीटी स्कॅन लागेल. सुईची तपासणीही लागेल कदाचित. माझी बोटं चालेनात. मी रडायला लागले.

त्यांनी माझी खुर्ची बाजूला सरकवली आणि स्वतः एका बोटाने टाईप करायला लागले. टाईप करता करताच बोलले. "मशीन नवीन आलं ना, तेव्हा सुमनलाच पहिली झोपवली. तिला असंच जड वाटायचं. जेली गार होती. ती हसत सुटली, मीही हसलो. तिला श्वास धरवेना, मी म्हटलं जाऊ दे. वरचा कोपरा राहिला. नॉर्मल लिहून दिलं. येईल त्याला दाखवायची, माझ्या नवऱ्याने काढलेला पहिला रिपोर्ट म्हणून. आठ महिन्यांनी पिवळी पडली."

एवढंच. मग म्हणाले, "मावशींचं लवकर सापडलंय. उद्याच मुंबईला घेऊन जा."

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण ऑपरेशन करता आलं. आई पुढे चार वर्षं जगली. त्या चार वर्षांतला एकेक दिवस डॉक्टरांचा, असं मी आजही मानते.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ती तपासणीला आली. डॉक्टरांनी बाटली काखेतून काढली, श्वास धरवले, सगळे कोपरे बघितले. "आज काही दिसत नाही," म्हणाले आणि हातातलं यंत्र खुंटीला अडकवलं. आई उठायला लागली.

"थांबा, मावशी," ते म्हणाले. "आता हसलात तरी चालेल."

"आता कशी हसू?" आई म्हणाली. "तुमची जेली कोमट हाय."

डॉक्टर कपाटाकडे गेले, एक नवी, गार बाटली काढली आणि आईच्या पोटावर एक थेंब टाकला. आई हसायला लागली, तशीच, पोट धरून. त्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टर बंद पडद्याकडे तोंड करून ते हसणं ऐकत होते. काही तपासायचं उरलं नव्हतं, तरी त्यांनी श्वास धरला होता.