सतरा उभा, पाच अक्षरी

मदत मागणे हा माणसाचा मोठा गुण आहे आणि मदत करणे हा त्याहून मोठा. हे दोन्ही गुण एकाच वेळी एकाच ठिकाणी आढळत नाहीत, म्हणून कार्यालये स्थापन करावी लागतात. आमचे कार्यालय त्यांपैकीच एक. घरातले किंवा दुकानातले वायरिंग ठीक आहे, असा दाखला आम्ही देतो. तो दाखवल्याशिवाय वीजवाले तार जोडत नाहीत. मी आवक-जावकच्या खिडकीवर बसतो. शेजारच्या खिडकीत दाखल्यांचे साहेब बसतात, आणि प्रस्तुत लेखन त्यांच्या कार्यपद्धतीच्या गौरवार्थ आहे.

साहेब सकाळी आल्या आल्या टेबल पुसतात, चष्मा पुसतात, वर्तमानपत्राची नीट घडी घालतात आणि शब्दकोडे सोडवायला घेतात. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. कोडे म्हणजे रिकाम्या जागा भरणे आणि अर्ज म्हणजेही रिकाम्या जागा भरणे. फरक एवढाच, की कोड्यात चूक झाली तर त्रास साहेबांना होतो. (अर्जात झाली तर तो अर्जदाराला होतो. तशी तरतूदच आहे.)

शिवाय कोड्याला एक कौटुंबिक बाजू आहे. साहेबांचे सासरेबुवा तेच वर्तमानपत्र घेतात आणि जेवणाच्या सुट्टीत न चुकता फोन करतात.

"काय जावईबापू, झालं का?"

एवढेच विचारतात. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण 'झालं' असे साहेबांना एकदाही म्हणता आलेले नाही. सासरेबुवांना दोन मेव्हणे, एक मेव्हणी आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून आतून शब्द पुरवतात, अशी साहेबांची पक्की खात्री आहे. तेव्हा आपणही मदत घ्यावी असे त्यांना वाटले, तर ते न्यायाला धरूनच होते.

सुरुवात अगदी सहज झाली. 'घोड्याच्या पाठीवर घालतात ते, तीन अक्षरी' असे साहेब स्वतःशीच पुटपुटत होते. खिडकीसमोर एक सुतार कित्येक दिवसांपासून हेलपाटे घालत होता. तो कंटाळून म्हणाला, "खोगीर." साहेबांनी ते लिहिले आणि त्याच आनंदाच्या भरात, त्याच पेनाने, त्याच्या दाखल्यावर सही ठोकली. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली.

दुसऱ्या दिवशी रांग तयारीनिशी आली. कुणाच्या बगलेत शब्दकोश होता. एकाने आपल्या आत्याला आणले होते, कारण तिला जुन्या भांड्यांची नावे तोंडपाठ होती. माझा मेव्हणाही दुकानाच्या दाखल्यासाठी आला. "भावोजी, आजचं कोडं कसं आहे?" त्याने हळूच विचारले. "कठीण आहे," मी म्हणालो. त्याला लगेच कणकण वाटू लागली आणि तो घरी गेला.

एवढी मोठी मदत वाऱ्यावर सोडणे बरे दिसत नाही, म्हणून साहेबांनी नियम केले आणि ते फलकावर लावले.

१. आडव्या शब्दांची रांग आडवी आणि उभ्या शब्दांची रांग उभी लावावी. (आडव्या रांगेमुळे स्वच्छतागृहाचे दार अडते. निकडीच्या प्रसंगी रांगेने पोट आत घ्यावे.)
२. सुचलेला शब्द स्वतःचा नंबर आल्यावरच उच्चारावा. दुसऱ्याच्या नंबरावर तोंड उघडल्यास तो शब्द फुकट जाईल.
३. शब्द चौकोनांत बसल्यास दाखल्यावर 'उत्तराधीन' असा शिक्का मिळेल. दुसऱ्या दिवशीच्या अंकात तोच शब्द छापून आल्यास शिक्का कायम समजावा.
४. 'उत्तराधीन' शिक्क्यावर दिवा लावता येईल. पंखा लावल्यास तो सर्वांत कमी वेगावर ठेवावा. यंत्रे चालवू नयेत.

या व्यवस्थेचे फायदे डोळ्यांत भरण्यासारखे होते. तिमाही अहवालानुसार अर्जदारांचा शब्दसंग्रह चाळीस टक्क्यांनी वाढला आणि साहेबांचा तितक्याच टक्क्यांनी घटला, म्हणजे एकूण भाषेचे नुकसान काहीच झाले नाही. किती घरांत वीज आली, हा प्रश्न भाषेच्या कक्षेबाहेरचा असल्याने त्याची मोजणी झाली नाही.

अशा सुरळीत कारभारात शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्या कामाच्या खोलीतली जुनी वायर जळाली होती. त्यांनी सगळे वायरिंग नवे करून घेतले होते, कागद पूर्ण होते, तपासनिसाचा शेरा उत्तम होता. नसलेली गोष्ट फक्त दाखला. एका इस्पितळातल्या परिचारिकांचे गणवेश शिवण्याचे काम त्यांनी घेतले होते. कापड बेतून, कापून तयार पडले होते, मशीन मोटरवर चालणारे, आणि हाताखालच्या दोघी बायका हातावर हात ठेवून बसल्या होत्या. महिनाअखेर कपडे पोचले नाहीत तर हे काम दुसरीकडे जाणार होते आणि पुढचेही सगळे त्याच्या मागोमाग.

"साहेब, सगळे कागद जोडलेत," बाई म्हणाल्या. "तुमची सही तेवढी राहिलीय."

"सही कुठं पळून जातेय, बाई? सतरा उभा अडलाय बघा. 'अडल्यानडल्याला हात देणारा.' पाच अक्षरी."

उभ्या रांगेत त्या वेळी पुष्कळ माणसे होती. बाईंच्या पाठीमागेच एक निवृत्त मास्तर होते, त्यांच्यामागे औषधाचे दुकानदार, त्यांच्यामागे ती भांडीतज्ज्ञ आत्या. कुणीही नियम दोन मोडला नाही. सगळ्यांनी छताकडे पाहिले. आमच्या छतात पाहण्यासारखे काही नाही, तरी ते त्यांनी बराच वेळ पाहिले.

बाईंनी पदराशी चाळा करत विचार केला आणि म्हणाल्या, "परोपकारी?"

साहेबांनी बोटांवर मोजले. प, रो, प, का, री. बसले. त्यांनी 'उत्तराधीन' शिक्का मारला आणि बाई घरी जाऊन दिवा लावून बसल्या. दिव्याच्या उजेडात न शिवलेले गणवेश अधिक स्पष्ट दिसत असणार.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तर आले. मदतनीस.

साहेबांनी लाल पेनाने शिक्का खोडला. "माझा नाइलाज आहे, बाई. पेपर काय माझ्या हातात आहे?" (तो त्यांच्या हातातच होता.)

बाई रांगेकडे वळल्या. "इतक्या जणांत हा एवढा एक शब्द कुणालाच ठाऊक नव्हता?"

"ठाऊक होता हो," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण तुम्ही अडला असता तर पुढचा नंबर माझा होता."

"आणि मास्तर अडले असते तर माझा," औषधवाले म्हणाले. आत्यांनीही मान हलवली. कुणाच्याही बोलण्यात कडवटपणा नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो. मला बाईंचे फार वाईट वाटले. परंतु त्या दिवशी मी जावकेवर होतो, आणि वाईट वाटणे ही आवक आहे.

त्यानंतर बाईंनी जे केले ते आमच्या कार्यालयाच्या इतिहासात घडलेले नाही. दुसऱ्या सकाळी त्या हातगाडीवर मशीन घालून घेऊन आल्या. बरोबर त्या दोघी बायका आणि कापडाची गाठोडी. मशीन त्यांनी उभ्या रांगेत स्वतःच्या नंबरावर ठेवले, व्हरांड्यातल्या थंड पाण्याच्या यंत्राची पिन काढून तिथे मोटरच्या लांबलचक वायरची पिन खोचली आणि शिवायला बसल्या. साहेब फलक घेऊन धावले. पण नियम चार 'उत्तराधीन' शिक्का असलेल्यांसाठी होता. बाईंचा शिक्का साहेबांनीच खोडला असल्यामुळे त्यांना कोणताच नियम लागू होईना.

रांग पुढे सरकली की मशीनही सरके. नंबर आला की बाई "मला काही सुचत नाही" म्हणत आणि मशीनसकट रांगेच्या शेवटी जात. घरघर अशी, की साहेबांना शब्द ऐकू येईनात आणि अर्जदारांना सुचेनात. दुपारी सासरेबुवांचा फोन आला तेव्हा तोही ऐकू आला नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान दिसले, ते मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. परंतु रांग कासावीस झाली.

आणि मग मदत म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिले. मास्तरांनी तक्रारअर्ज लिहायला घेतला. 'कर्कश' हा शब्द त्यांना अपुरा वाटला, तर औषधवाल्यांनी 'असह्य' सुचवला. आत्यांनी 'अनधिकृत' दिला. मागून कुणी 'समाजविघातक' ओरडले. आडवी रांग उभ्या रांगेच्या मदतीला धावली. कुणी नंबर पाहिला नाही, कुणी छताकडे पाहिले नाही. एक शब्द मागितला तर दहा येत होते. पाहता पाहता अर्ज भरला आणि दोन्ही रांगांनी खाली सह्या केल्या.

इतक्या सह्या पाहून साहेब गडबडले. मशीन व्हरांड्यातून काढायचे तर ते बाईंच्या घरी चालायला हवे, आणि घरी चालायचे तर दाखला हवा. त्यांनी 'सार्वजनिक विचारशक्तीच्या हितार्थ' असे कारण लिहून पक्का दाखला दिला. तोवर निम्म्याहून अधिक गणवेश व्हरांड्यातच शिवून झाले होते. उरलेले बाईंनी घरी पुरे केले आणि वेळेत पोचवले.  व्हरांड्यातून निघताना त्यांनी जमिनीवरचे दोऱ्यांचे तुकडे वेचले, पाण्याच्या यंत्राची पिन परत लावली आणि हातगाडीवाल्याला हाक मारली.

तक्रारीवर सही करणारा प्रत्येकजण आता घरी, दारी आणि लग्नकार्यात सांगतो, की एका अडलेल्या बाईचे काम आम्ही सगळ्यांनी मिळून करून दिले. हे खोटे आहे असे कागदोपत्री म्हणता येत नाही. तो अर्ज रीतसर आवकेत नोंदला आहे. शेवटच्या काही सह्या कुणाच्या ते मला वाचता येत नाही.

त्यांत तुमची आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण खरे सांगा, साहेबांनी सतरा उभा वाचून दाखवला तेव्हाच तुम्हाला शब्द सुचला होता. बाई 'परोपकारी' म्हणाल्या, तेव्हा त्या चुकल्या हेही तुमच्या लक्षात आले होते. आणि आता तिचे काय होते ते तर पाहू, म्हणून तुम्ही गुपचूप पुढची ओळ वाचलीत. ओशाळू नका. नियम दोन संपूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. या, असे खिडकीजवळ या. आता नंबर तुमचाच आहे, आणि मागची मंडळी छताकडे पाहू लागली आहेत.